चोवीस काड्यांचा हिशोब

"कागद आणि काड्याच तर आहेत. त्याचे साडेतीनशे?"

दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदील घेऊन बसलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं. वाक्य खोटंही नाही. जुन्या पद्धतीच्या कंदिलात कागद आणि काड्या यांखेरीज असतं काय? थोडा दोरा, थोडी खळ आणि आतली पोकळी. पंचाईत अशी की विकणाऱ्याच्या मनातही बहुतेक वेळा तोच हिशोब असतो. म्हणून गिऱ्हाइकाची भुवई वर गेली की याचा आवाज खाली येतो, आणि साडेतीनशेचे अडीचशे कधी झाले ते कळतही नाही. संध्याकाळी डब्यात नोटा दिसतात, म्हणजे धंदा झाला असं वाटतं. तो झाला की नाही, हे कंदील सोडवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

तर सोडवून बघू. ज्याला सगळे नुसतं पारंपरिक कंदील म्हणतात, त्यात एकाच लांबीच्या २४ काड्या असतात. १६ काड्यांचे चार चौकोन बांधायचे. ते शंकरपाळ्यासारखे कोनावर उभे करून कोपऱ्याला कोपरा लावत गोलाकार जोडायचे. वर चार टोकं मोकळी राहतात, खाली चार. वरच्या टोकांवर चार काड्यांचा चौकोन, खालच्या टोकांवर चार काड्यांचा. झाला सांगाडा. सहा चौकोन, आठ त्रिकोण, बारा सांधे, आणि प्रत्येक सांध्यात चार काड्या येऊन भेटलेल्या. वरचा आणि खालचा चौकोन उघडा राहतो. वरून बल्ब सोडायचा आणि ऊबही तिथूनच बाहेर जायची. कागद लागतो तो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना.

काडी ९ इंचांची घेतली तर कंदील पावणेतेरा इंच उंच आणि तेवढाच रुंद होतो. काड्यांची एकूण लांबी भरते १८ फूट. पतंगी कागदाचा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा. चारही बाजूंनी अर्धा इंच कड चिकटवायला सोडली की चौकोन १० बाय १० चा कापावा लागतो, आणि एका तावात असे सहा बसतात. चार वापरायचे, उरलेल्या १० बाय २० च्या तुकड्यात वरची झालर निघते. त्रिकोणांची गोष्ट जास्त मजेची आहे. कड धरून त्रिकोणाची बाजू पावणेअकरा इंच होते आणि उंची सव्वानऊ. एक सुलटा, एक उलटा असे आखले तर ३० इंचांच्या पट्टीत चार बसतात आणि तावात अशा दोन पट्ट्या. आठच्या आठ त्रिकोण एका तावात. पण एकेका त्रिकोणासाठी वेगळा आयत कापत गेलं तर तावात चारच निघतात आणि दुसरा ताव फाडावा लागतो. कागद तोच, कात्री तीच. आखणी न करता कापणाऱ्याचा कंदील तिथेच पाच रुपयांनी महाग झाला.

शेपट्यांना दोन ताव. खालच्या चौकोनाची प्रत्येक बाजू ९ इंचांची, पाऊण इंचाची पट्टी धरली तर बाजूला बारा शेपट्या. त्या सुट्या कापून एकेक चिकटवत बसणं म्हणजे रात्र घालवणं. ९ इंच रुंद, ३० इंच लांब तुकडा घ्यायचा, वरचा एक इंच न कापता सोडायचा आणि खाली कंगव्यासारखे काप द्यायचे. असे चार कंगवे दोन तावांत निघतात. चिकटवायचे काम अठ्ठेचाळीस वेळांऐवजी चार वेळा. घडी घालून आठ पदर एकदम कापले तर कापणंही झरझर होतं. त्यापेक्षा जास्त पदर घेतले की खालचे सरकतात आणि शेपट्या एका टोकाला निमुळत्या होतात.

एका कंदिलाला मिळून चार ताव, १८ फूट काडी, थोडी सोनेरी पट्टी, दोरा, खळ, टांगायची तार आणि वर घालायची पिशवी. भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत. आपापले भाव घालून पुन्हा मांडावेत. काड्यांसाठी बांबूच्या कामट्या ३० रुपये, कागद २०, सोनेरी पट्टी ८, दोरा-खळ ४, तार ३, पिशवी ५. बेरीज ७०. फाटलेला कागद, गाठीवर मोडलेली कामटी, सांडलेली खळ यांसाठी दहा टक्के धरले की ७७.

इथेच बहुतेक जण थांबतात. सत्त्याहत्तर पडले, दुपटीला विकू, दीडशे सांगू, दुप्पट म्हणजे बक्कळ. घरगुती वस्तूंच्या धंद्यात हा दुपटीचा नियम कुठून शिरला कोण जाणे, पण त्याने बुडवलेल्यांची संख्या मोठी असावी. कागद आणि काड्या मोजणारं गिऱ्हाईक आणि मालाची दुप्पट करणारा कारागीर, दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही घड्याळ पाहिलेलं नाही.

हात बसलेल्या माणसाला, दहा कंदील एकदम लावलेले असताना, एका सांगाड्याला साधारण ४० मिनिटं लागतात. कागद चढवायला ३०. शेपट्या, झालर, सोनेरी पट्टी आणि तार यांना २०. म्हणजे दीड तास. एकच कंदील सुटा करायला घेतला तर दोन तासांच्या वर जातो, कारण प्रत्येक वेळी पसारा मांडायचा आणि आवरायचा असतो. आता स्वतःच्या तासाला किंमत लावायची. ती मनाने लावू नये. मनाने लावली की ती नेहमी कमी लागते. आपल्या गावात दिवसभराच्या कामाला जी मजुरी चालते तिला आठाने भागावं. ६४० धरली तर तासाला ८०, आणि दीड तासाचे १२०. मालापेक्षा हाताचे पैसे जास्त झाले. व्हायलाच हवेत, हाताने केलेली वस्तू आहे ना?

हे १२० रुपये कागदावर लिहून भागत नाही. ते पाकिटात वेगळे पडले पाहिजेत. बचत गटात काम वाटलं जातं तिथे हे आपोआप होतं: सांगाड्याचे ५३, कागदाचे ४०, बाकीचे २७, असा नगावर दर ठरलेला असतो आणि कोणी किती केले ते वहीत असतं. घरी एकटीने करणारीच्या बाबतीत मात्र डबा एकच असतो. त्यातूनच कागद येतो, त्यातूनच दूध येतं, आणि शेवटी डब्यात राहिलेल्या पैशांना ती नफा म्हणते. ती असते तिची स्वतःची मजुरी, तीही अर्धीमुर्धी.

उरला वरखर्च. टेबलाचं भाडं, रिक्षा, ब्लेड, स्टँडवर लावायचे बल्ब आणि वायर. हंगामाचे १८०० रुपये धरले आणि ६० कंदील केले तर नगामागे ३०. आता ७७ अधिक १२० अधिक ३०, म्हणजे २२७.

अजून एक आकडा राहिला, आणि तो सगळ्यात कडू आहे. ६० केले म्हणजे ६० विकले जातात असं नाही. ५० गेले आणि १० राहिले, तर त्या दहांचा खर्चही विकल्या गेलेल्या पन्नासांनीच भरायचा असतो. २२७ गुणिले ६० भागिले ५०, म्हणजे २७२. न विकलेल्या कंदिलांनी विकलेल्या प्रत्येक कंदिलावर ४५ रुपये चढवले. याच्यावर नफा. विक्रीच्या किमतीत वीस टक्के नफा हवा असेल तर २७२ मध्ये वीस टक्के मिळवून ३२६ करायचे नाहीत. २७२ ला ०.८ ने भागायचं. उत्तर येतं ३४०. चौदा रुपयांचा फरक आहे, पन्नास कंदिलांवर सातशेचा. सुट्ट्यांचा घोळ नको म्हणून ३५०. क्यूआर कोड आल्यापासून सुट्ट्यांची अडचण संपली म्हणतात, पण दिवाळीच्या गर्दीत आकडा गोल असलेला बरा. तेव्हा ते साडेतीनशे असे आलेले असतात.

मग दीड तासाचा सव्वा तास कसा करायचा, हा प्रश्न. बारीक चिमट्यांनी आणि महाग कात्र्यांनी होत नाही. वेळ जातो तो दुरुस्तीत, आणि दुरुस्ती निघते सांगाड्यातून.

कामट्या बुरुडाकडून आणताना तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, सरळ आणि वाळलेल्या घ्याव्यात. ओली कामटी कापायला मऊ लागते, म्हणून नवख्याला आवडते. आठवड्याने ती आकसते आणि कच्च बांधलेला सांधा खुळखुळायला लागतो. पेराची गाठ काडीच्या मध्यावर आली तर कागद ओढताना तिथेच मोडते, तेव्हा गाठ टाळून कापावं. लांबी पट्टीने मोजू नये. पट्टीने मोजलेल्या चोवीस काड्या चोवीस वेगवेगळ्या लांबीच्या होतात. पाटावर दोन खिळे ९ इंचांवर ठोकून घ्यायचे, कामटी एका खिळ्याला टेकवायची, दुसऱ्यापाशी कापायची. पाव इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण कंदील टांगला की तो मान वाकडी करून बसतो.

आता या सांगाड्याचा एक खट्याळपणा. चोवीस काड्या बांधून झाल्या तरी तो घट्ट नसतो. हातात धरून पिळला तर पिळतो, दाबला तर बसतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाहीत, पण चौकोन सहज तिरके होतात. सांधे कितीही आवळा, फरक पडत नाही, आणि नवखा माणूस इथेच दोऱ्याचं रीळ संपवतो. कंदिलाला ताठपणा देतो तो कागद. वाळताना तो आक्रसतो आणि चौकोनाला चारी बाजूंनी ओढून धरतो. त्यामुळे कागद चढवायच्या क्षणी सांगाडा जसा असेल तसाच तो जन्मभर राहतो. वाकडा असेल तर वाकडा. म्हणून पहिला कागद लावण्याआधी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे. ९ इंचांच्या काडीला दोन्ही पावणेतेरा इंच भरले पाहिजेत. भरत नसतील तर हाताने हलकेच सरकवायचं आणि कर्णावर एक कच्चा दोरा बांधून ठेवायचा, कागद वाळला की तो कापून टाकायचा. आणि शेजारशेजारचे चौकोन ओळीने न लावता समोरासमोरचे लावायचे: आधी पुढचा, मग मागचा, मग दोन बगलांचे. एकाच बाजूने सुरुवात केली तर ती बाजू आधी आक्रसते आणि सगळा सांगाडा आपल्याकडे ओढून घेते.

खळ मैद्याची. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा कालवून, ढवळत, पारदर्शक होईतो शिजवायची. झुरळं आणि उंदीर खळीवर टपलेले असतात, म्हणून जुने कारागीर चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा भांडं वेगळं ठेवायचं आणि मुलांचा हात लागू द्यायचा नाही. पातळ खळ पटकन पसरते, पण पतंगी कागदाचा रंग पाण्याने सुटतो. केशरी त्रिकोणाची कड पिवळ्या चौकोनावर उतरली की तो कंदील गिऱ्हाइकासमोर मांडायच्या लायकीचा राहत नाही. खळ बोटाला चिकटेल इतकी दाट हवी, काडीला लावायची, कागदाला नाही. कागद अगदी ताणूनही लावू नये. लावताना तबल्यासारखा वाजला तर वाळल्यावर काडीशेजारी फाटणार. किंचित सैल ठेवला की आक्रसून आपोआप ताठ होतो. परतीचा पाऊस लांबला तर हेच कागद हवेतला ओलावा पिऊन लोंबायला लागतात. अशा दिवसांत दुपारीच कागद लावावेत आणि संध्याकाळी पिशवीत बंद करावेत.

रंगांबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. गडद निळा आणि गडद हिरवा दिवसा टेबलावर उठून दिसतात, म्हणून विकले जातात, आणि रात्री बल्ब लावला की उजेड गिळून बसतात. पिवळा, केशरी, गुलाबी आणि पांढरा यांतून दिवा बाहेर येतो. निळा ठेवायचाच तर त्रिकोणांना, चौकोन पांढरे.

लहान कंदिलाचा सापळा याहून मोठा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, याच्यापेक्षा लहान दाखवा, स्वस्तातला. ५ इंच काडीचा कंदील केला तर कागद एक तृतीयांशाच्या आसपास लागतो, काडी १८ फुटांऐवजी १०. दिसायला निम्मा, तेव्हा किंमतही निम्मी हवी असं त्याला वाटतं, आणि विकणाऱ्यालाही ते पटतं. पण काड्या चोवीसच आहेत. सांधे बाराच आहेत. त्रिकोण आठच आहेत, आणि आता ते इतके लहान की बोट आत जात नाही. वेळ तसूभरही कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. माल ३५ चा झाला तरी हात १२० चाच. पावणेदोनशेला विकला तर प्रत्येक लहान कंदिलामागे खिशातून पैसे जातात, आणि तो खपतो सगळ्यात जास्त! हंगाम जोरात गेला, हातात काही उरलं नाही, असं जिथे ऐकू येतं तिथे टेबलावर लहान कंदील किती होते ते विचारावं.

उलट १८ इंची काडीचा मोठा कंदील. कागद चौपट, काडी दुप्पट आणि जाड, आत कर्णांना कायमचे दोरे. वेळ मात्र दीडपट, फार तर पावणेदोनपट. सोसायटीच्या फाटकाला, वाड्याच्या दाराला, मंडळाला हवा असतो तो हाच, आणि त्याचे हजार-बाराशे सांगितले तर कोणी डोळे मोठे करत नाही, कारण आकार समोर दिसतो. आपल्याकडे आकाराचे पैसे लगेच दिले जातात, वेळाचे मागावे लागतात. तेव्हा लहान हवाच असेल तर तो या घडणीचा करू नये. जाड कागदाच्या घड्यांचा, काड्यांविना, वीस मिनिटांत होणारा असा वेगळा नमुना ठेवावा आणि त्याला लहान म्हणावं.

न विकलेल्या कंदिलांचे ते ४५ रुपये कमी करायला एक साधी युक्ती आहे. सांगाडे सगळे ६० बांधून ठेवायचे, कागद मात्र ४० वरच चढवायचा. बाकीचे वीस उघडेच टांगायचे. दिवाळीआधीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कोणता रंग उचलला जातोय ते कळतं, आणि मग त्या रंगाचे कागद रोज रात्री पाच-सहा सांगाड्यांवर लावायचे. राहिलेच तर सांगाडे राहतात, ते नासत नाहीत. कागद लावलेला कंदील वर्षभर ठेवला तर रंग उडतो, कागद चिरतो, झुरळं कडा खातात. उघडा सांगाडा पुढच्या वर्षी जसाच्या तसा कामाला येतो, आणि त्यात ३० रुपयांची कामटी आणि ५३ रुपयांची मेहनत शिल्लक असते. असं केलं की ते ४५ दहा-पंधरावर येतात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाव पाडायचा का, यावर दोन मतं आहेत. हिशोब म्हणतो, खर्च तर होऊन गेला, आता शंभर मिळाले तरी तेवढेच हातात. हिशोब बरोबर आहे, पण तो एका संध्याकाळचा आहे. त्या गल्लीत एकदा शंभराला दिला की पुढच्या वर्षी निम्मी गल्ली लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत थांबते. त्यापेक्षा कागद सोलून सांगाडा घरी न्यावा.

घासाघीस होणारच. सकाळी भवानीच्या वेळी तर जास्तच, कारण पहिलं गिऱ्हाईक परतवू नये असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं. किंमत चिठ्ठीवर लिहून कंदिलाला बांधलेली असली की निम्मी घासाघीस संपते. तोंडी सांगितलेला भाव पडतो, लिहिलेला सहसा पडत नाही. सवलत द्यायचीच तर पैशांत देऊ नये. वीस-पंचवीस रुपयांच्या शेपट्यांचा एक जादा संच द्यावा, शेपट्याच आधी फाटतात. "काकू, एवढ्याला नाही परवडत, पण शेपट्या जादा देते" हे म्हणायला जड जात नाही, आणि ऐकणाऱ्यालाही रिकाम्या हाताने परतल्यासारखं वाटत नाही. ओळखीच्यांना एकच दर ठेवावा, थोडा कमी, पण ठरलेला. प्रत्येक ओळखीला नवा दर लावला की दोन काकू जिन्यात भेटतात.

एखादं ऑफिस पन्नास मागतं आणि घाऊक भाव विचारतं तेव्हा सवलत कुठून येणार ते आधी शोधावं. एकगठ्ठा कागद-कामटी आणल्याने नगामागे १०-१५ वाचतील. कागद मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत घाऊक मिळतो. उरण्याची भीती नसते, ते ४५ वाचतात. टेबलाचं भाडं वाचतं. हे सगळं सोडता येतं. हाताचे १२० मात्र पन्नासासाठीही १२० च राहतात. पन्नास कंदील केले म्हणून पन्नासाव्याचे सांधे अकरा होत नाहीत. आणि निम्मे पैसे आगाऊ, कागद आणल्यानंतर रंगात बदल नाही, हे दोन्ही लिहून घ्यावं.

दुकानदाराचं गणित वेगळं. त्याला विक्रीच्या किमतीत चाळीस टक्के हवे असतात. ३५० च्या कंदिलाला तो २१० देणार, आणि आपला खर्च २२७. आपण तोट्यात. म्हणून दुकानात द्यायचा विचार असेल तर हिशोब तिथूनच सुरू करायचा. टेबल, भाडं गेलं म्हणून वरखर्च १० धरला तर खर्च २०७, पंधरा टक्के नफा धरून २४३ ला दुकानदाराला, आणि त्याने ४०० च्या आसपास विकायचा. मग स्वतःच्या टेबलावरही ४०० च लावावे लागतात. दुकानात ४०० आणि दोन गल्ल्या सोडून तुमच्याकडे ३५० असं दिसलं की दुकानदार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. हा २४३ रोखीचा भाव आहे. त्याने जांगडवर ठेवायला सांगितलं, म्हणजे विकेल त्याचे पैसे आणि उरेल तो माल परत, तर उरण्याची सगळी भीती आपल्याकडे परत आली; भाव वाढला पाहिजे, आणि परत येणारे कंदील कागद चुरगळलेलेच येणार हे धरून चाललं पाहिजे.

टेबल कुठे आणि कधी? माहीमच्या कंदील गल्लीत एक संध्याकाळ नुसतं चालून आलं तरी पुष्कळ कळतं: तिथे कंदील मांडलेले नाहीत, लावलेले आहेत. बंद कंदील म्हणजे कागद आणि काड्या, पेटलेला कंदील म्हणजे दिवाळी. एक लांब वायर आणि ५ वॉटचे चार एलईडी बल्ब एवढा खर्च करून चार रंग लावून ठेवावेत, आणि सहा ते नऊ या वेळात टेबल सोडू नये. कंदिलाच्या चिठ्ठीवर ‘एलईडी बल्बच लावा’ असंही लिहावं. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बची उष्णता पतंगी कागदाला सोसत नाही, आणि कागद पेटला तर आपलं नाव आधी आठवतं.

ऑनलाइन विकायचा मोह सगळ्यांना होतो. वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून असे लहान विक्रेते, आपल्याच राज्यात माल पाठवणार असतील तर, नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठांवरही विकू शकतात. जीएसटीच्या पोर्टलवर फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. अडचण कायद्याची नाही, हवेची आहे. कंदील म्हणजे हवा. त्याला १३ इंचांचं चौकोनी खोकं लागतं, म्हणजे ३३ सेंटिमीटर. अनेक कुरियरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून ५००० ने भागतात आणि त्याला वजन म्हणतात. उत्तर येतं ७ किलोच्या वर. कंदील ताजव्यात घातला तर पाव किलोच्या आसपास. सात किलोचं भाडं भरून साडेतीनशेची वस्तू पाठवणं कुठल्याच गणितात बसत नाही.

बसतं ते सुटं सामान. २४ कापलेल्या काड्या, आखून कापलेले चौकोन आणि त्रिकोण काड्यांवरच गुंडाळलेले, शेपट्यांचे चार कंगवे, दोरा, आणि बांधणीची चित्रं असलेला एक कागद. एक फूट लांब, मनगटाएवढी नळी. माल ७०, नळी १५, कापायला-भरायला वीस मिनिटांचे २७, थोडा वरखर्च. सव्वाशेच्या आत पडतं आणि २०० ला सहज जातं. सांगाड्याची चाळीस मिनिटं गिऱ्हाईक स्वतः देतं, तेही हौसेने, मुलांना शेजारी बसवून. टपालाने ते नागपूरला जातं तसंच परदेशातल्या मराठी घरांतही जातं. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बांबूच्या वस्तूंची कसून तपासणी होते, तेवढे पत्ते आधीच वेगळे काढावेत. खळ पाठवायची नाही, कृती पाठवायची. मैदा जगात सगळीकडे मिळतो. या नळीचा सगळा भार चित्रांवर असतो. ‘कर्ण मोजा’ ही ओळ विसरली की शंभर घरांत शंभर वाकडे कंदील लागतात आणि शंभर फोन येतात.

तुळशीचं लग्न झालं की लोक कंदील उतरवतात. पांढरा आणि पिवळा कागद उरला असेल तर डिसेंबरसाठी ठेवावा. वसईत, गोव्यात नाताळाला दारावर तारा लागतो, आणि पाचकोनी ताऱ्याला दोन बाजूंना पाच-पाच अशा दहा काड्या आणि मधे फुगवटा आणायला पाच आखूड काड्या, एवढंच लागतं. पंधरा काड्या. वेळ कंदिलाच्या निम्म्याने.

उघडे राहिलेले सांगाडे माळ्यावर दोरीला ओवून टांगावेत, जमिनीवर रचू नयेत. श्रावणात उतरवून एकेक काडी नखाने वाजवून बघायची. खालच्या वर्तमानपत्रावर पिवळा भुसा पडला तर भुंगा लागलेला आहे, तो सांगाडा त्याच दिवशी बाहेर. बाकीच्यांचे सांधे हलवून बघायचे, सैल असेल तिथे दोऱ्याचे चार वेढे, आणि त्या वर्षीच्या मोजणीत ते तेवढे कमी बांधायचे.